आत्या, तुझा टॉवेलचा गाऊन समुद्राला जाऊन आला

प्रिय गॉगलवाल्या आत्यास,

गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली आहे आणि दोरीवर गाऊन वाळताहेत. तू शिवायला घेतलेले. निळ्या पट्ट्यांचा, नारळाच्या झाडांचा, तो तारामाशाचा, सगळे. खालून आई ओरडते आहे, "कांचे, झटकून घाल गं त्ये! समदी वाळू मोरीत तुंबंल!" आणि मी झटकायचं सोडून पाण्याच्या टाकीच्या सावलीत कागद घेऊन बसले आहे.

तुला आजच लिहायला हवं. आम्ही काल समुद्रावरून परत आलो, आत्या! आणि या वेळी आपल्या बोळातली एकही बाई कोरडी परत आली नाही.

तू असतीस तर पहिला प्रश्न काय विचारला असतास ते मला माहीत आहे. "कोण कोण गेलतं" नाही. "काय घातलतं?" तुला बातमीच्या आधी कपडे लागायचे. सांगते, सगळं सांगते. पण आधी थोडं रागवू दे मला. इतकी वर्षं बेत केलास, कापड जमवलंस, आमच्या सगळ्यांची मापं घेतलीस आणि निघायच्या वेळी तूच नाहीस. असं करतं का कुणी?

तुझी आणि समुद्राची गाठ एकदाच पडली. मी पाचवीत होते. सोलापुरातून भवानी पेठेतल्या आपल्या बोळाची ट्रिप कोकणात निघाली होती. आधी देवदर्शन, मग समुद्र. आंबा घाट उतरताना अर्धी बस पिशवीत तोंड घालून बसली होती आणि तू काचेला नाक लावून मला विचारत होतीस, "दिसला का गं? दिसला का?" शेवटी दिसला. तू डोळ्यांवरचा गॉगल काढलास. भर उन्हात गॉगल काढणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग काय झालं ते आठवतं? पुरुष शर्ट काढून पळाले, आम्ही पोरं त्यांच्या मागे. आणि बायका सुरूच्या झाडांखाली ओळीनं बसल्या. त्यांच्यापुढे पिशव्या, पोरांचे कपडे, पुरुषांची घड्याळं आणि सगळ्या बसच्या चपला. तू एकटी निऱ्या हातात धरून पाण्याकडे गेलीस. गुडघ्यापर्यंत पाणी, आणि मग एक लाट आली ती थेट तुझ्या कमरेपर्यंत. तू हसलीस! केवढ्यानं हसलीस! तेवढ्यात बाबा पाण्यातूनच ओरडले, "आक्का, बास की आता! वल्या अंगानं बसमदी कुटं बसशील? सीट भिजली तर डायवर आत घ्यायचा न्हाय."

बाबा चुकीचं बोलले नव्हते, हेच तर दुखणं होतं. ओलं बदलायला जागा कुठे होती? मागे उघडी वाळू, बाजूला परके पुरुष, पुढे समुद्र. तू परत फिरलीस. पदर पिळलास आणि चपलांपाशी येऊन बसलीस.

परतीच्या वाटेवर मला जवळ ओढून तू हळूच विचारलंस, "पार आत गेल्यावर कसं वाटतंय गं?" मी सांगितलं, "पायाखालची वाळू पळते. कुणीतरी आपल्याखालची चादर ओढतंय असं वाटतं." तू डोळे मिटून घेतलेस. सोलापूर येईपर्यंत तू मला तेच तेच विचारत होतीस आणि मी दर वेळी नवीन काहीतरी जोडून सांगत होते.

तिथून तुझी स्वप्नं सुरू झाली. त्यांना खाद्य मिळायचं कारखान्यात! सासरहून परत आलीस ती शिलाई मशीन घेऊन, आणि लगेच टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला लागलीस. परदेशी जाणारे ते भले मोठे टॉवेल, समुद्रावर अंथरायचे. कुणावर छत्री, कुणावर शिडाची होडी, कुणावर माड. बाकीच्या बायका कड शिवून टॉवेल बाजूला टाकायच्या. तू मात्र शिवता शिवता त्या टॉवेलवर जाऊन बसायचीस!

संध्याकाळी चहाच्या वेळी मी विचारायचे, "आत्या, आज कुठे होतीस?"

"आज व्हय? आज निळ्या छत्रीखाली. कोण न्हवतं. वारा हुता. हातात शहाळं."

"आणि घातलं काय होतंस?"

"पांढरं. पायात सोनेरी पट्ट्याची चप्पल. केस मोकळे. एकदा सोडलं की मग वारा बगंल काय करायचं ते."

आई चुलीपाशी बसून कपाळाला हात लावायची. "वन्सं, केस मोकळे सोडून शहाळं पित बसलाव, अन् भाकरी कोण थापणार?" तू म्हणायचीस, "मंगल, तुजी पन खुर्ची टाकली की मी शेजारी. तूच आली न्हाईस."

आत्या, तुझ्या स्टाईलवर अख्खा बोळ हसायचा. मे महिन्यात बाकीच्या बायका सनकोट आणि स्कार्फमध्ये गुंडाळून जायच्या. तू सनकोटाची बटणं उघडी सोडायचीस, बाह्या कोपरापर्यंत दुमडायचीस, गळ्यात पिवळा स्कार्फ आणि डोळ्यांवर तो बाजारातला मोठा काळा गॉगल. पोरं ओरडायची, "हिरॉईन आली, हिरॉईन!" तू थांबून त्यांना हात करायचीस. एकदा मी चिडून म्हटलं, इथे कुठे समुद्र आहे? तर तू काय म्हणालीस? "समुद्राला लागतंय ते समदं सोलापुरात हाय. ऊन हाय, तहान हाय, अंगाला मीठ हाय. निस्तं पानी न्हाय. येवढ्यासाटी कोण स्टाईल सोडतंय व्हय?"

मी त्या वेळी हसले. आता वर्गात पोरींना उन्हाळ्याबद्दल शिकवताना तेच वाक्य सांगते आणि त्याही हसतात.

आणि मग तो गाऊन! देवा, तो पहिला गाऊन!

समुद्रासाठी कारखान्यातून जे जे जायचं ते सगळं टॉवेलचंच. म्हणून तू ठरवून टाकलंस की समुद्रावर घालायचे कपडेही टॉवेलचेच असणार. दुसरं काही तुझ्या डोक्यातही आलं नाही. मालकाला विचारून डागी टॉवेल आणलेस, एक पुढे, एक मागे, खांदे शिवले, मधे डोकं जायला भोक. आणि भर मे महिन्यात, दुपारी, ते जाडजूड केसाळ प्रकरण घालून तू बोळात आलीस. वरून गॉगल.

"अम्मो!" पद्मक्का उंबऱ्यातच बसली. समोरच्या घरातली, बिड्या वळणारी आपली पद्मक्का. तिला हसू आलं की आधी तेलुगू फुटतं. "शालनबाई, हे काय? चादर का टॉवेल का गाऊन?"

"समुद्रावरचा ड्रेस हाय."

आई म्हणाली, "आवो वन्सं, घोंगडं घालून कुटं निगालाव, जत्रंला? आत शिजून निगाल!"

आणि तू खरंच शिजलीस. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलीस तर कपाळावरून धारा. पण मान काय ताठ! सगळा बोळ हसत होता, तूही हसलीस. पण गाऊन फेकला मात्र नाहीस. घडी घालून मशीनच्या खणात ठेवलास.

त्याचं खरं काम कळलं ते नळाच्या दिवशी. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणजे सणच असतो. त्या दिवशी बोळातल्या सगळ्या बायका चौकात गोधड्या-चादरी धुवायला काढतात आणि डोक्यापासून पायापर्यंत भिजतात. न्हाणी एक. तिच्यापुढे ओल्या बायकांची रांग, आणि जो तो येता-जाता बघणार. आईसुद्धा रांगेत कुडकुडत उभी. तू काय केलंस? आत गेलीस, कोरडे कपडे आणि तो गाऊन आणलास, गाऊन भर चौकात अंगावर घातलास आणि दोन्ही हात आत ओढून घेतलेस. कासव जसं!

"मंगल, बग."

"काय बगू? घोंगडं?"

"आत काय चाललंय ते बग की."

"बगायला दिसतंय कुटं!"

"त्येच की!"

ओलं लुगडं-परकर-पोलकं खालून सुळकन बाहेर पडलं. जरा वेळानं तू कोरडी होऊन बाहेर आलीस, कोरडं परकर-पोलकं घालून, आणि गाऊन उतरवून सगळ्यांसमोर निवांत साडी नेसायला लागलीस. पद्मक्काच्या हातातली चादर हातातच राहिली. रांगेत पुढे सरकायचं कुणाला सुचेना.

त्या दिवशी चहा घेताना तू कपात बघत बसलीस. मग म्हणालीस, "कांचे, आत्ता कळालं मला तितं काय कमी पडलं. पानी लई हुतं. आडोसा न्हवता." आणि वर, "येवढा मोटा समुद्र, अन् बाईमाणसाला लपायला येवढीशी जागा न्हाय."

मी कॉलेजात होते तेव्हा. विज्ञानाची पुस्तकं वाचत होते, प्रयोग करत होते. पण एका अडचणीकडे इतकी वर्षं बघत राहून एक दिवस तिचं उत्तर अंगावर चढवायचं, हे मी आपल्या घरात बघितलं.

मग तू झपाटलीस. गळ्याला नाडी आली, म्हणजे वारा आला तरी खांद्यावरून सरकू नये. बाजूला खिसा आला, गॉगल ठेवायला. हात आत-बाहेर करायला बगलेपाशी मोकळं. बोलता बोलता तू बायकांच्या खांद्यांवर वीत ठेवायचीस. पद्मक्का म्हणाली, "माझा मोठा कर हो, मी काय काडीपेटीतली काडी नाही." तू म्हणालीस, "तुजा दोन टॉवेलांत बसायचा न्हाय पद्मा, तुला तीन लागत्यात." त्यावर ती तुला बिड्यांच्या सुपानं मारायला धावली होती.

माझ्या पदवीदानालाही तू गॉगल लावूनच आलीस. घरातली पहिली पदवीधर मी, काळा डगला माझ्या अंगावर, आणि तो फोटो बघणारा प्रत्येक जण विचारतो, "या कोण?" बाहेर पडल्यावर तू माझ्या डगल्याची बाही चाचपून बघितलीस, "हेच्या आतबी बदलता येतंय की गं," म्हणालीस आणि मला हसू आवरेना. मग गंभीर झालीस. "आता तू शिकलीस. आता ट्रिप तू काढायची. बाळूनं, तुज्या बाबानं, काढली की आमी पुन्ना चपला राखायला."

मी हो म्हटलं. एवढं सहज म्हटलं की जणू तू पुढच्या महिन्यात बॅग भरणार होतीस.

गेल्या दिवाळीनंतर तुला ताप आला. दवाखान्यात नर्सनं कॉटभोवती हिरवा पडदा ओढला तेव्हा तू माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेस. "बग, हितं मागितल्याबिगर आडोसा देत्यात. निस्तं आजारी पडावं लागतंय." मी हसले नाही. तू मात्र हसलीस. तुझं हसणं मला सहन झालं नाही त्या दिवशी. अजूनही होत नाही. इतकी कशाची घाई होती गं तुला? पडद्याच्या आतून तू कुठल्या छत्रीखाली निघून गेलीस, सांगून तरी जायचंस!

तुझे काही गाऊन शिवून झाले होते, काही नुसते कापलेले. मला वाटलं ते तसेच राहणार. पण तुझं सगळं करून झाल्यावर एका दुपारी मशीनचा आवाज आला. बघते तर आई! पोलक्याच्या हुकांपलीकडे आयुष्यात काही न शिवलेली आई, तुझ्या मशीनवर. मी दारात उभी राहिले तशी म्हणाली, "बगत काय राहिलीस? दोरा ववून दे."

पहिला गाऊन तिनं पद्मक्काचा शिवला आणि गळा इतका लहान ठेवला की पद्मक्काचं डोकं निम्म्यावर अडकलं. आतून तिच्या शिव्या ऐकू येत होत्या, मराठीत आणि तेलुगूत. आईनं दोरा कात्रीनं उसवला आणि म्हणाली, "वन्संनी आखून ठिवलं हुतं, मीच रेघ बगितली न्हाई." हळूहळू तिचा हात बसला. पण स्वतःसाठी तिनं गाऊन शिवला नाही. "मला कशाला? मी सामान बगते. कुणीतरी बसाय नगं का काठावर?"

आत्या, मी तिच्याशी भांडले. समजावलं. शाळेत मी मुलींना सांगते की मागे बसू नका, पुढे या, आणि माझी स्वतःची आई पिशव्या राखायला समुद्रावर येणार? तिनं ऐकलं नाही. मला खरी काळजी हीच होती. त्या ट्रिपला तू आलीस तशी आई पण काठावरूनच परत आली, तर तुझ्या त्या सगळ्या शिवणाचा अर्थ काय?

यंदा परीक्षा संपल्या आणि मी गाडी ठरवली. फक्त बायका. बाबा चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. "बायका-बायकाच एवढ्या लांब? कशाला?" पण निघायच्या दिवशी गाडीपाशी आले, ड्रायव्हरला बाजूला घेतलं आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "येताना बाया वल्या असतील. सीट भिजली तर भिजू द्या. कुणाला काय बोलायचं न्हाय." मग माझ्याकडे न बघता घरात जाऊन बसले. ते वाक्य बाबा किती वर्षं घेऊन फिरत होते, तुला ठाऊक होतं का?

किनारा तोच. सकाळची वेळ. माडाखाली बसलेल्या शहाळेवाल्या बाईंना मी विचारून घेतलं, कुठे उतरायचं, कुठे नाही. त्यांनी वाळूत रोवलेल्या दोन काठ्यांमधली जागा दाखवली. "इथे जा, कमरेच्या वर जाऊ नका, हसत-खेळत या." आणि आपल्या बायका निघाल्या! वाळूवरून, तुझे गाऊन घालून, कुणाच्या अंगावर छत्री, कुणाच्या अंगावर होडी. मी सगळ्यांना बाजारातून गॉगल घेऊन दिले होते. लोक वळून बघत होते. बघू देत! आपण कधी एवढ्या ऐटीत कुठे गेलो होतो गं?

चपलांचा ढीग करून ठेवला आणि कुणीही त्यांच्यापाशी बसलं नाही. एका कुत्र्यानं एक चप्पल उचलून पळ काढला. नेऊ दे!

आई मात्र लांब सुरूच्या झाडाखाली जाऊन बसली. पिशव्या मांडीपाशी, पाठ ताठ. मी हाका मारल्या. तिनं हातानंच "जा, जा" केलं.

आणि मग पद्मक्कानं घोटाळा केला. मी सांगितलं होतं, गाऊन काठावर ठेवायचा, पंजाबी ड्रेसवर पाण्यात जायचं, बाहेर आल्यावर गाऊन घालून बदलायचं. पण पद्मक्काच्या मनात तुझं पहिलं वाक्य पक्कं बसलेलं: समुद्रावरचा ड्रेस! ती गॉगलसकट, गाऊनसकट सरळ पाण्यात शिरली. तीन टॉवेल, आत्या! ते पाणी प्यायले. बघता बघता तिचं वजन म्हशीएवढं झालं. लाट परत गेली आणि पद्मक्का तिथेच बसकण मारून राहिली. पाणी जेमतेम मांडीपर्यंत, भीती कसलीच नाही, पण उठता येईना!

"अम्मो! मंगल! मला काढ गं! ह्या शालननं मला बुडवलं!"

आम्ही तिघी ओढायला लागलो. आमच्यात जोर कुठला, हसून हसून हात गळाले होते. पद्मक्का स्वतःही हसत होती आणि दर लाटेला पुन्हा बसत होती. तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी धाडधाड पाणी उडवत गेलं. आई! पदर खोचलेला, चपला पायातच. "सरका गं! शिकलेल्या पोरी ह्या, एक बाई उचलंना तुमाला!" तिनं पद्मक्काला काखेत धरून उभं केलं आणि त्याच क्षणी एक मोठी लाट दोघींच्या डोक्यावरून गेली.

पाणी ओसरलं. आई उभी होती. केस सुटलेले, कुंकू पुसलेलं, तोंडातून खारं पाणी थुंकत. मला वाटलं, आता ती काठाकडे वळणार. तिनं माझ्याकडे बघितलं, पायांकडे बघितलं. वाळू सरकत होती. आणि म्हणाली, "भिजलेच हाय. आता काय!"

आत्या, मग ती बाहेरच येईना! पुढची लाट, त्याच्या पुढची लाट. पद्मक्काला गाऊनमधून सोडवून आम्ही तो काठावर टाकला आणि दोघी हातात हात घालून उड्या मारत राहिल्या. भवानी पेठेत एकमेकींशी नळावरून भांडणाऱ्या दोघी! ऊन चढलं तेव्हा कुठे आई बाहेर आली, ओलीचिंब, दात वाजताहेत, आणि मला म्हणाली, "पिशवीच्या तळाला वन्संचा हाय. काढ."

तुझा पहिला गाऊन. तिनं तो सोबत आणला होता आणि मला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मला वाटलं, समुद्रात सोडायला आणलायस."

"सोडायला?" आई दचकली. "येवढं चांगलं कापड?"

तिनं तो डोक्यावरून घातला, हात आत ओढून घेतले. आणि मग बराच वेळ डोकं बाहेर काढलंच नाही. आत काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. टॉवेल तेवढा हलत होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "खारं पानी गेलं," म्हणाली.

आमच्या शेजारी कुठल्या तरी गावचं एक कुटुंब आलं होतं. नवरा आणि मुलं पाण्यात, बाई पिशव्यांपाशी. ती केव्हाची आमच्याकडे बघत होती. शेवटी उठून आली आणि आईच्या गाऊनला हात लावून म्हणाली, "हे कुठे मिळतं हो?"

पद्मक्का पुढे झाली. "सोलापूरला!" काय तो आवाज, जणू आपल्याकडे सगळ्या दुकानांत हेच टांगलेलं असतं. मी माझा गाऊन त्या बाईंना दिला. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. आणि गेल्या! परत येऊन त्यांनी आत कपडे बदलले, गाऊन घडी करून माझ्या हातात दिला, आणि माझा हात मात्र सोडेनात. तुझं नाव विचारलं. मी सांगितलं.

आज सकाळी मी शाळेत जाऊन आले. सुट्टी आहे, पण मुख्याध्यापिका बाई येतात. आमच्या शाळेची सहल दर हिवाळ्यात समुद्रावर जाते. मुलगे पाण्यात जातात आणि मुली काठावर उभ्या राहून फोटो काढून घेतात, दर वर्षी. मी सांगितलं, या वर्षी मुलीही जाणार. बाई म्हणाल्या, "पालक ऐकायचे नाहीत, कांचन." मी म्हटलं, "त्यांना सभेला बोलवा. माझी आई बोलेल." त्यांनी डायरी उघडली. मग म्हणाल्या, "बोलावते."

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ओरडेल, सभेत बोलायचं म्हणजे काय चेष्टा आहे का! ती तुझ्या मशीनवर बसली होती. टेप हातात घेऊन जरा विचार केला आणि विचारलं, "सातवीच्या पोरीचं खांदं केवढं असतंय गं?"

तर आत्या, ऐक. तुला मी वचन देते. जोवर मी शिकवते आहे, तोवर माझ्या वर्गातली एकही मुलगी अंग कुठे लपवायचं या काळजीनं पाण्यापासून परत फिरणार नाही. समुद्र असो, नदी असो, पोहण्याचा तलाव असो. कुणी हसलं तर हसू देत. आपण आधीच भरपूर हसून घेतलं आहे. मुली आधी भिजतील, आणि मग निवांत, सगळ्यांसमोर, कोरड्या होतील.

आई पुन्हा हाका मारते आहे. तिला सातवीच्या मापाचा अंदाज माझ्यावरून घ्यायचा आहे, आणि मला खाली जाऊन हात पसरून उभं राहायचं आहे.

खाऱ्या केसांची, अजून न विंचरलेली,
तुझी कांची